आम्ल, आम्लारी आणि क्षार: ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना या धड्यात जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. व्याख्या पुस्तकात आहेतच, आणि त्या पाठ करून गुणही मिळतात. पण तीव्र आणि संहत यांची गल्लत, सामूचे आकडे, रंगांचे तक्ते या सगळ्या अडचणी सुटायला एकच प्रश्न आधी विचारावा लागतो: पाण्यात कोणते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मोकळे झाले आहेत? बहुतेक उत्तरांत मी तुम्हाला तिकडेच नेणार आहे. संज्ञा राज्य मंडळाच्या मराठी पुस्तकांतल्या वापरल्या आहेत. सेमी-इंग्रजीच्या मुलांनी अ‍ॅसिड, बेस, सॉल्ट, पीएच म्हणजे अनुक्रमे आम्ल, आम्लारी, क्षार, सामू असे समजावे.

आंबट लागते ते आम्ल, एवढे पुरेसे नाही का?

चिंच, कोकम, लिंबू, दही यांच्यापुरते पुरेसे आहे. पण प्रयोगशाळेतली बाटली चाखून बघता येत नाही, आणि बघायचीही नाही. स्वांटे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८७ साली दिलेली व्याख्या शाळेसाठी सर्वांत कामाची आहे. पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, आणि जो हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. आयनांच्या याच कामासाठी त्याला १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्याच्या आधी शंभर वर्षे लाव्हाझिए हा फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणत होता की आम्लपणा ऑक्सिजनमुळे येतो. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० च्या सुमारास दाखवले आणि ती कल्पना मागे पडली. एवढे मोठे लोकही इथे अडखळले होते, तेव्हा तुम्हाला वेळ लागला तर घाबरू नका.

व्याख्येत 'पाण्यात' हा शब्द गाळला तर गुण जातात. तो इतका महत्त्वाचा का?

कारण सगळा कारभार पाण्यामुळेच होतो. कोरड्या मिठावर संहत (फार कमी पाण्याचे) सल्फ्युरिक आम्ल टाकले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. त्या वायूत कोरडा निळा लिटमस धरला तर काही होत नाही, तो निळाच राहतो. तोच कागद ओला करून धरा, लगेच लाल होतो. वायू तोच, कागद तोच, फक्त पाण्याची भर पडली. पाण्याच्या रेणूने हायड्रोजन आयन ओढून घेतला आणि हायड्रोनियम आयन तयार झाला. हायड्रोजन आयन पाण्यात कधी सुटा फिरत नाही, तो पाण्याच्या रेणूला चिकटलेलाच असतो.

हा प्रयोग आपल्याकडे जुलैत करून बघितला तर बऱ्याचदा फसतो. हवेतच इतकी वाफ असते की 'कोरडा' लिटमसही लाल व्हायला लागतो. म्हणून दमट हवेत तो वायू आधी कॅल्शिअम क्लोराइड भरलेल्या नळीतून नेतात. ते पाणी शोषून घेते आणि पलीकडे खरोखर कोरडा वायू मिळतो. डिसेंबर-जानेवारीत केलात तर प्रयोग सोपा जातो. 'कॅल्शिअम क्लोराइडची नळी का वापरतात?' असा प्रश्न आला तर तिथे पाठांतर नको, खिडकीबाहेरचा पाऊस आठवा.

ग्लुकोज आणि अल्कोहोलमध्येही हायड्रोजन आहे. मग ती आम्ले का नाहीत?

त्यांचा हायड्रोजन रेणूत घट्ट बांधलेला आहे, पाण्यात गेल्यावर तो आयन होऊन सुटत नाही. पडताळा सोपा आहे. ग्लुकोजच्या द्रावणात दोन खिळे उभे करून बॅटरी आणि छोटा दिवा जोडला तर दिवा लागत नाही, विरल (भरपूर पाणी घातलेल्या) हायड्रोक्लोरिक आम्लात लागतो. वीज वाहून नेतात ते आयन. हा प्रयोग बॅटरीवरच करायचा, घरातल्या प्लगला वायर लावून कधीही नाही.

आम्लारी आणि अल्क यांत फरक काय?

पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क. सोडिअम हायड्रॉक्साइड विरघळते म्हणून ते दोन्ही आहे. कॉपर ऑक्साइड आम्लाशी क्रिया करून क्षार (आम्ल आणि आम्लारी यांच्या क्रियेत पाण्याबरोबर बनणारा पदार्थ) देते, म्हणून आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नाही.

अमोनियात हायड्रॉक्साइड नाहीच, तरी ती आम्लारी कशी?

ती पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन काढून घेते आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळे काम करून हाच विचार व्याख्येत बसवला: हायड्रोजन आयन देणारा आम्ल, घेणारा आम्लारी. पुढच्या इयत्तांत ही व्याख्या पुन्हा भेटेल.

तीव्र आम्ल आणि संहत आम्ल एकच ना?

नाही. या धड्यात सर्वांत जास्त मुले इथेच घसरतात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

कल्याणहून सुटलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात किती माणसे आहेत ही झाली संहती. ठाण्याला त्यांतली किती उतरली, हे झाले विचरण. डबा खच्चून भरलेला असूनही ठाण्याला दोघेच उतरतील, आणि रिकाम्यासारख्या डब्यातले पाचच्या पाच जण उतरतील. पाण्यात जवळपास सगळे रेणू आयनांत सुटे होतात ते तीव्र आम्ल: हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक. थोडेच सुटे होतात ते सौम्य आम्ल: व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक, लिंबातले सायट्रिक, दह्यातले लॅक्टिक, चिंचेतले टार्टारिक.

आता आकडे बघा. लिटरमागे ०.१ मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर सामू, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा, १ येतो; हा आकडा लहान तितका आम्लपणा जास्त. तेवढेच अ‍ॅसेटिक आम्ल घेतले तर सामू येतो सुमारे २.९, कारण त्यातले शंभरातले जेमतेम एक-दीड रेणूच सुटे झालेले असतात. म्हणजे दोन्ही बाटल्यांची संहती सारखी, तीव्रता मात्र वेगळी.

'सौम्य' म्हणजे 'निरुपद्रवी' असेही समजू नका. शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य वर्गातलेच आहे, पण अंगावर सांडले तर कातडी भाजते. उलट तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसे विरल असेल तर आपल्या पोटात सुखाने नांदते. त्यामुळे 'तीव्र आम्लात पाणी घातले की ते सौम्य होते' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका. ते फक्त विरल होते.

सामू म्हणजे काय, आणि १ ने बदलला तर नेमके किती बदलते?

सामू म्हणजे द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत ते सांगणारा आकडा. तो १ ने बदलला की आम्लपणा बदलतो दहापट. सामू २ चे द्रावण सामू ३ च्या दहापट आम्लधर्मी असते, आणि सामू ४ च्या शंभरपट. आकडा लहान तितके हायड्रोजन आयन जास्त. ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसेनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. कार्ल्सबर्ग ही बिअरची कंपनी. आंबवण्याच्या क्रियेत आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) कामात आम्लपणाची नेमकी मात्रा कळणे गरजेचे होते, आणि ०.०००००१ असे आकडे पुनःपुन्हा लिहिणे जिकिरीचे होते.

अंदाज यावा म्हणून रोजचे काही पदार्थ बघा. जठररस १.५ ते ३.५, लिंबाचा रस २ ते २.५, दही साडेचारच्या आसपास, दूध ६.५ ते ६.७, शुद्ध पाणी ७, रक्त ७.३५ ते ७.४५, समुद्राचे पाणी ८.१ च्या आसपास, खाण्याच्या सोड्याचे द्रावण ८ च्या थोडे वर, अंगाचा साबण ९ ते १०, चुन्याची निवळी १२ च्या वर. नळाला येणाऱ्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ चे आहे. मग ते पाणी ठाण्याला भातसेवरून येवो की नवी मुंबईला मोरबे धरणातून.

दातांवरच्या एनॅमलसाठीही एक आकडा लक्षात ठेवा: सुमारे ५.५. तोंडातला सामू त्याखाली गेला की एनॅमल झिजायला लागते. गोड खाल्ल्यावर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात, म्हणून रात्री दात घासायचे.

सामू ० च्या खाली किंवा १४ च्या वर जाऊ शकतो का? आणि उदासीन म्हणजे नेहमी ७ च का?

जाऊ शकतो. संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू उणे येतो. ० ते १४ ही नेहमीच्या विरल द्रावणांची सोयीची चौकट आहे. ७ हा आकडाही २५ अंश सेल्सिअसचा आहे. उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू ६.१ च्या आसपास भरतो, तरी ते आम्लधर्मी झालेले नसते. पाण्याचे रेणूच जास्त प्रमाणात सुटे होतात, त्यामुळे हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन दोन्ही सारखेच वाढतात. उदासीन म्हणजे दोघे समसमान. परीक्षेत मात्र ७ लिहा.

घरच्या घरी दर्शक कोणता करता येईल?

दर्शक म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ. माझी पहिली पसंती गोकर्णाला. सोसायटीच्या कुंपणावर निळी गोकर्ण हमखास मिळते. सात-आठ फुले गरम पाण्यात घाला, पाच मिनिटांत गडद निळे पाणी तयार. ते तीन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, पाणी जांभळे-गुलाबी होते. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, निळ्यात हिरवी झाक येते. तिसरी तशीच ठेवा, तुलनेसाठी. या तिसऱ्या वाटीशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, आणि नेमकी तीच मुले विसरतात.

लाल जास्वंदीचा रस आम्लात गर्द गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. कोकमाचे आगळ मुळातच आम्लधर्मी असल्यामुळे लालभडक असते. थोडे आगळ पाण्यात घेऊन सोडा घालत गेलात तर फेस येतो आणि लाल रंग उतरून मळकट निळसर-हिरवट होतो. नंतर ते पिऊ नका, चव बिघडलेली असते. या सगळ्यांतली रंगद्रव्ये एकाच कुटुंबातली आहेत, त्यांना अँथोसायनिन म्हणतात. वाशीच्या बाजारातून जांभळा कोबी आणलात तर त्यातही तेच असते.

आणि लिटमस कशापासून करतात?

दगडांवर वाढणाऱ्या काही शैवाकांपासून (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी). आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही शैवाकच, फक्त जात वेगळी. त्यामुळे मसाल्याच्या डब्यातल्या दगडफुलाने लिटमसचे काम होणार नाही, पण शैवाक दिसते कसे ते स्वयंपाकघरातच बघायला मिळते.

युनिफॉर्मवरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?

हळदीतल्या कर्क्युमिनमुळे. आम्लात आणि उदासीन पाण्यात ते पिवळे असते, सामू ८ च्या पुढे गेला की तांबडे-तपकिरी होते. साबण आम्लारिधर्मी असतो. स्वच्छ पाण्याने साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा दिसतो. शर्ट उन्हात वाळवा, कर्क्युमिन उजेडात फिके पडते.

देवघरातले पारंपरिक कुंकूही याच क्रियेचे फळ आहे: हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीचा दर्शक-कागद करायचा असेल तर हळद पाण्यात कालवून गाळणकागदाच्या पट्ट्यांना लावा आणि सावलीत वाळवा. पण याची एक मर्यादा आहे. आम्ल आणि उदासीन द्रावण यांतला फरक हळद सांगू शकत नाही, दोन्हींत पिवळीच राहते.

फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंजचे रंग?

फिनॉल्फ्थॅलीन आम्लात रंगहीन, साधारण ८.२ च्या पुढे गुलाबी. मिथिल ऑरेंज ३.१ च्या खाली तांबडे, ४.४ च्या वर पिवळे. म्हणजे प्रत्येक दर्शकाची रंग बदलायची जागा वेगळी असते, ७ वर बदलेलच असे नाही.

उदासिनीकरण झाल्यावर सामू ७ च होतो ना?

तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी नेमक्या प्रमाणात मिसळली तर होतो. खरी क्रिया एकच असते: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी बनते. कोणतेही तीव्र आम्ल आणि कोणतीही तीव्र आम्लारी घ्या, एक मोल पाणी बनताना सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. उष्णता सारखीच का, तर क्रिया सारखीच म्हणून.

जोडी असमान असली की मागे राहणारा क्षार उदासीन नसतो. व्हिनेगर आणि कॉस्टिक सोडा (सोडिअम हायड्रॉक्साइड) यांच्यापासून मिळणारे सोडिअम अ‍ॅसिटेट किंचित आम्लारिधर्मी असते. धुण्याचा सोडा क्षार आहे, पण त्याचे द्रावण चांगलेच आम्लारिधर्मी. उलट तुरटी हाही क्षारच, तिच्या पाण्यात निळा लिटमस बुडवा, लाल होईल. नवसागराचेही तसेच. मीठ तेवढे उदासीन, कारण त्याचे आई-बाप दोघेही तीव्र.

पित्तावरची पुडी पाण्यात टाकली की फसफसते, पण कोरडी असताना काहीच होत नाही. का?

त्या पुडीवरचा घटकांचा मजकूर वाचा. स्वर्जिका क्षार म्हणजे खाण्याचा सोडा, निंबुकाम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. आम्ल आणि कार्बोनेट दोन्ही एकाच पुडीत महिनोन्‌महिने शेजारी बसलेली असतात, कारण पाण्याशिवाय आयन मोकळे होत नाहीत. पाणी मिळाले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पुडी नीट मिटली नाही तर पावसाळ्यात आतली पूड ओल धरते, गठ्ठा होतो आणि नंतर ती नीट फसफसत नाही. क्रिया आधीच होऊन गेलेली असते. औषधांच्या दुकानातल्या पांढऱ्या पातळ अँटासिडमध्ये बहुधा मॅग्नेशिअम आणि अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड असते, त्यात कार्बोनेट नसल्यामुळे फेस येत नाही.

कार्बोनेट आणि आम्लाची क्रिया दाखवायला घरात काय मिळेल?

तिसऱ्यांचे शिंपले. बाजारातून तिसऱ्या आणल्या की शिंपले फेकू नका. स्वच्छ धुऊन एक फोडा आणि काचेच्या पेल्यात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. आधी काही घडत नाहीसे वाटते. मग फुटलेल्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे जमायला लागतात आणि एकेक करून वर सुटतात. पाठीवरून मात्र कमी निघतात, कारण तिथे पातळ सेंद्रिय आवरण असते. त्यावर नखकानसीने एक ओरखडा ओढा आणि पुन्हा टाका: बुडबुड्यांची रांग नेमकी त्या ओरखड्यावर उभी राहते. एक-दोन दिवसांत शिंपला पातळ आणि ठिसूळ होतो. कॅल्शिअम कार्बोनेट गेले, कॅल्शिअम अ‍ॅसिटेट द्रावणात उरले.

तो वायू कार्बन डायऑक्साइडच आहे हे दाखवायला चुन्याची निवळी लागते. पानाच्या गादीवरचा चुना पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरचे नितळ पाणी अलगद ओता. वायू त्यातून सोडला की ते दुधाळ होते. सोडतच राहिलात तर पुन्हा नितळ होते, कारण विरघळणारे कॅल्शिअम बायकार्बोनेट तयार होते. चुना मोठ्यांच्या हातून घ्या. तो डोळ्यात गेला तर इजा फार वाईट होते.

जुन्या चाळींतली शहाबादी फरशी आणि स्वयंपाकाचा कडप्प्याचा ओटा हे दोन्ही चुनखडकच आहेत. म्हणून ओट्यावर लिंबू पिळलेले राहिले की तिथली चकाकी कायमची जाते, आणि शहाबादी फरशी अ‍ॅसिडने धुतली की ती फेसाळून खरखरीत होते. ग्रॅनाइटचे असे होत नाही.

चिंचेने तांब्याचा तांब्या लख्ख होतो, मग तांबे आम्लात विरघळते का?

विरल आम्लात तांबे सहसा विरघळत नाही. विरघळतो तो वरचा काळा-हिरवा थर, कॉपर ऑक्साइड आणि कार्बोनेटचा. मात्र दही, ताक, आमटी अशा आंबट पदार्थांत हवेच्या संगतीने तांब्याचे क्षार थोडे थोडे उतरतात, आणि ते पोटाला त्रास देतात. पितळी पातेल्याला आतून कल्हई लावायची ती याचसाठी. कल्हई म्हणजे कथिलाचा थर. लोणचे चिनी मातीच्या बरणीत आणि कोकम स्टीलमध्ये ठेवायचे, अ‍ॅल्युमिनिअममध्ये नाही, याचेही कारण तेच.

जस्त, मॅग्नेशिअम, लोखंड हे धातू मात्र विरल आम्लाशी क्रिया करून हायड्रोजन वायू देतात. जळती काडी जवळ नेली की 'फट्' असा आवाज होतो.

पाण्यात आम्ल की आम्लात पाणी?

पाण्यात आम्ल. थेंबाथेंबाने, ढवळत. सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या जवळपास दुप्पट जड आहे, घनता १.८४. आम्लावर पाणी ओतले तर ते वरच तरंगते, तिथेच प्रचंड उष्णता निघते, पाणी उकळते आणि आम्ल तोंडावर उडते. याला अपवाद नाही.

बाथरूमचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र वापरले तर जास्त स्वच्छ होते का?

कधीही एकत्र वापरू नका. हे पालकांनीही वाचावे. फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये आणि बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू निघतो. आपल्याकडच्या इमारतींत बाथरूम म्हणजे चार बाय सहाची खोली आणि एक छोटी झडप. तिथे तो वायू कोंडला तर श्वास घेणे मुश्किल होते. चुकून झालेच तर लगेच बाहेर पडा, दार उघडे टाका, साफ करायला परत आत जाऊ नका.

अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा अंगावर उडाला तर वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरा, कपडे काढा आणि दवाखाना गाठा. 'आम्लावर आम्लारी लावू, उदासिनीकरण होईल' हा विचार इथे घातक आहे. त्या क्रियेतून उष्णता निघते आणि जखम आणखी भाजते. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या ठेवून धुवत राहा. डोळ्याला अल्क आम्लापेक्षाही जास्त घातक, कारण ते आत आत शिरत जाते.

मुंगी चावली किंवा मधमाशी डसली तर खाण्याचा सोडा लावायचा ना?

लाल मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते, हे खरे. परीक्षेत उदासिनीकरणाचे उदाहरण म्हणून हे लिहिलेत तर चालते. पण मधमाशीच्या विषात अनेक प्रथिने असतात, वेदना मुख्यतः त्यांची असते, आणि ते कातडीच्या आत टोचलेले असते. वर लावलेला सोडा तिथे पोचत नाही. काटा लगेच काढा, जागा धुवा, बर्फ लावा. सूज चेहऱ्यावर आली किंवा दम लागला तर थेट डॉक्टर.

आमच्या सोसायटीत 'अल्कलाइन पाण्याचे' मशीन विकायला आले होते. त्याने रक्त अल्कधर्मी होते का?

नाही. ते पाणी आधी पोटात जाते, तिथला सामू १.५ ते ३.५. उरलेसुरले काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राखणे हे त्यांचे रात्रंदिवस चाललेले काम आहे, आणि तो पट्टा खरोखर ओलांडला तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. पाण्यावर पैसे घालवायचे असतील तर टाकी वर्षातून दोनदा धुऊन घ्या.

ठाण्याचा पाऊस आम्लधर्मी असतो का?

पाऊस कुठलाही असो, स्वच्छ हवेतला पाऊसही किंचित आम्लधर्मी असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल बनते आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे तो याखाली उतरला की त्याला आम्लवर्षा म्हणतात. गोकर्णाच्या पाण्याने हा फरक कळणार नाही. सामूमापकच हवा.

कोकणपट्टीतली माती आम्लधर्मी असण्यामागेही पाऊस आहे: धो धो पाण्याबरोबर कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम वाहून जातात. म्हणून काही शेतांत चुना टाकावा लागतो.

बाबा ऐरोली-महापे भागातल्या कंपनीत कामाला आहेत. ते म्हणतात सांडपाण्यात चुना टाकतात. कशाला?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे बरेच कारखाने आहेत. त्यांचे पाणी आम्लधर्मी असेल तर नाल्यात सोडण्याआधी सामू वर आणावा लागतो. पृष्ठभागावरच्या जलस्रोतांत सोडण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९.० आहे. कॉस्टिक सोड्यापेक्षा चुना स्वस्त पडतो. त्याचा आणखी एक फायदा असा की सामू वाढला की तांबे, जस्त, क्रोमिअम असे धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. तोटाही आहे. सल्फ्युरिक आम्ल असलेल्या पाण्यात चुना टाकला की जिप्समचा भरपूर गाळ तयार होतो, आणि तो कुठे न्यायचा हा प्रश्न उरतो. बाबांना विचारा, त्यांच्याकडे सामूची नोंदवही नक्की असेल. ती एकदा बघितलीत तर धडा वेगळाच वाटेल.

अ‍ॅसेटिक आम्लात चार हायड्रोजन आहेत, तरी त्याची आम्लारिधर्मता १ का?

आम्लारिधर्मता म्हणजे आम्लाच्या एका रेणूतून सुटू शकणाऱ्या हायड्रोजन आयनांची संख्या. चारांपैकी एकच, ऑक्सिजनला जोडलेला, आयन म्हणून सुटतो. कार्बनला जोडलेले तिघे सुटत नाहीत. सल्फ्युरिक आम्लाची २, फॉस्फोरिक आम्लाची ३.

आम्ल खूप खूप विरल केले तर सामू ८ होईल का? सूत्रात आकडे घातले तर तसेच येते.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले हे विचारतात आणि प्रश्न सुंदर आहे. लिटरमागे दहाचा उणे आठवा घात मोल इतके हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर नुसत्या सूत्राने ८ येतो. पण त्या हिशेबात पाणी विसरले गेले आहे. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन दहाचा उणे सातवा घात एवढे असतात, म्हणजे त्या आम्लाच्या दहापट. दोन्ही धरून आणि पाण्याचा समतोल सांभाळून गणित सोडवले की सामू येतो ६.९८.